त्रेसष्ट कुंड्या

४ एप्रिल, गुरुवार

नोटीस लावली. जिन्याच्या तळाशी, मीटरच्या पेट्यांशेजारी, इंग्रजीत आणि बंगालीत. बंगाली मजकूर पहिल्या मजल्यावरच्या अणिमादींकडून तपासून घेतला होता. दोन शब्द चुकले होते, ते त्यांनी लाल पेनाने दुरुस्त करून दिले. भूगोलाच्या शिक्षिका होत्या, सवय जात नाही.

दीड महिना पावसाचा टिपूस नाही. बोअरचं पाणी खाली गेलंय, पंप अर्धा तास चालला की नुसती हवा ओढतो. सोळा फ्लॅट. कमिटीचा सेक्रेटरी मी. काहीतरी करणं भागच होतं! सकाळी चाळीस मिनिटं पाणी, संध्याकाळी वीस. गाड्या धुवायच्या नाहीत. जिना धुवायचा नाही. झाडांना नळाचं पाणी नाही. गच्चीवरच्या नळाला कुलूप, किल्ली माझ्याकडे.

मीटिंगमध्ये अणिमादींनी एकच विचारलं — "आणि गच्चीवरची झाडं?"

मी म्हणालो, "आधी माणसं, मग झाडं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बरं वाटलं. वाक्य जमलं होतं.

६ एप्रिल, शनिवार

३९ अंश. बोअरवाला येऊन गेला. पाइप आणखी खाली सोडावा लागेल म्हणतो. पण त्याच्या हातात आधीची बरीच कामं आहेत. महिना तरी लागेल.

९ एप्रिल, मंगळवार

सकाळी दारात अणिमादी. "दादा, रोज दोन बादल्या. फक्त दोन. पाऊस येईपर्यंत." माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठ्या आहेत, तरी मला दादाच म्हणतात. गच्चीवरची बाग त्यांची. आम्ही कोलकात्यात बेहालाला राहायला आलो त्याच्याही आधीपासूनची.

मी म्हणालो, "एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा, असं नाही करता येत."

जरा विचार केला त्यांनी. मग म्हणाल्या, "माझ्या घरात येणारं पाणी तर माझं ना? मी ते पिईन, नाहीतर झाडांना घालीन."

म्हटलं, ते तुम्ही बघा.

श्यामला स्वयंपाकघरातून ऐकत होती. "बहात्तर वर्षांची बाई बादल्या घेऊन जिने चढणार? लिफ्ट नाही काही नाही!"

"कुणी सांगितलंय चढायला?" — मी.

११ एप्रिल, गुरुवार

पहाटे पाचला जिन्यात पावलं. दोन पायऱ्या, थांबणं. दोन पायऱ्या, थांबणं. प्रत्येक मजल्यावर डबा टेकवल्याचा आवाज. आमच्या तिसऱ्या मजल्यावर जरा जास्तच वेळ थांबल्या. मी चहा करून खुर्चीत बसलो होतो. उठून दार उघडावं असं मनात आलं. मग वाटलं, उघडलं की डबा हातात घ्यावा लागेल. आज घेतला की रोज घ्यावा लागेल.

चहा संपवला.

१३ एप्रिल, शनिवार

कसं लिहू!

सव्वापाच वाजता मोठा आवाज झाला. पत्र्याचा. पाठोपाठ आमच्या दाराच्या फटीतून पाणी आत आलं. पायाला लागलं, गार. आणि मी खुर्चीतून ओरडलो — "पानी कौन गिरा रहा है?"

हे माझे पहिले शब्द. दार उघडण्याच्याही आधीचे.

अणिमादी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामधल्या वळणावर पडल्या होत्या. डबा घरंगळत आमच्या दारापर्यंत आलेला. ओरडल्या नाहीत. भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या, एक पाय विचित्र वळलेला. मला बघून म्हणाल्या, "थोडं वाया गेलं, दादा."

माफी मागत होत्या माझी! पाणी सांडल्याबद्दल!

दिलीपला हाक मारली. तो आमचा केअरटेकर, तळमजल्यावर राहतो. त्याने आणि मी त्यांना खुर्चीत बसवून खाली नेलं. खुब्याचं हाड मोडलंय. सोमवारी ऑपरेशन. सोनारपूरहून भाची आली आहे. अणिमादींनी लग्न केलेलं नाही, जवळची म्हणून तेवढीच.

मी काय ओरडलो ते श्यामलाने ऐकलंय.

१४ एप्रिल, रविवार

पयला बैशाख. खाली सगळे एकमेकांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत होते. मी हॉस्पिटलात.

वाटलं होतं, रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "बेलफुलाला दोन दिवस पाणी नाही. किल्ली तुमच्याकडेच आहे ना?" बेलफूल म्हणजे मोगरा. टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या.

"मी बघतो," म्हणालो.

"तुम्ही? ओरा तो बोलते पारे ना, दादा." ती तर बोलू शकत नाहीत, म्हणजे तुम्हाला कळणार कसं, असं म्हणायचं होतं त्यांना.

१५ एप्रिल, सोमवार

ऑपरेशन नीट झालं.

गच्चीवर गेलो. एरवी टाकी बघायला जातो आणि टाकी बघून खाली येतो. आज पहिल्यांदा कुंड्या मोजल्या. त्रेसष्ट! मातीच्या, सिमेंटच्या, रंगाचे रिकामे डबे, एक फुटकं बेसिन. जास्वंदीची पानं कागदासारखी वाजत होती.

अर्ध्या बादलीत आंघोळ उरकली, उरलेली अर्धी वर नेली. तांब्याने घालत गेलो तर वीस कुंड्यांतच संपली. खाली आलो, भाज्या धुतलेलं पाणी नेलं, तांदूळ धुतलेलं नेलं. गुडघे बोलायला लागले.

श्यामला म्हणाली, "नळ तिथेच आहे वर. किल्ली तुमच्या खिशात. कोण बघणार आहे?"

"नियम आहे."

"तुमचाच आहे."

तिला म्हटलं नाही, इथे लिहितो. आता कुलूप उघडलं, तर मंगळवारी का उघडलं नाही याचं उत्तर द्यावं लागेल.

१७ एप्रिल, बुधवार

४१. श्यामलाच्या दोन जुन्या सुती साड्या बांधून सावली केली. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या. दिलीपने बाजारातून नारळाच्या शेंड्या पोतंभर आणल्या, मातीवर अंथरल्या. मातीत बोट घालून बघायचं, वरून बघून कळत नाही — हेही त्यानेच शिकवलं. "सर, टोपी घालत जा." घातली.

१८ एप्रिल, गुरुवार

बहुतेक कुंड्यांत प्लास्टिकची एकेक पट्टी खोचलेली आहे, त्यावर काळ्या शाईने बंगालीत काहीतरी. मला वाटलं झाडांची नावं. अठरा वर्षं इथे काढली तरी बंगाली मी अक्षर अक्षर लावून वाचतो. आज लावून पाहिलं. झाडांची नव्हेत, माणसांची नावं!

मिसेस अय्यर, चेन्नई. पांडेजी, रांची. कौस्तुभ मराठे, नागपूर — तळमजल्यावर राहायचा, आमच्याच कंपनीत होता. बदली होऊन गेलेली सगळी माणसं. ट्रकमध्ये कुंड्या कोण नेतं? जाताना अणिमादींकडे ठेवून गेले. त्यातल्या किती जणांनी पुन्हा विचारलं असेल?

त्यांची स्वतःची झाडं जेमतेम पंधरा-सोळा आहेत.

१९ एप्रिल, शुक्रवार

टाकीमागच्या सावलीत सिमेंटची एक कुंडी आहे. अनंत. कमरेएवढा, गर्द हिरवा. इथे त्याला गंधराज म्हणतात. पट्टीवरची शाई पुसट झाली होती, चष्मा पुसून वाचली. न ला दीर्घ ऊकार. प ला उकार. र.

बराच वेळ तिथेच बसलो. ऊन डोक्यावर आलं तेव्हा दिलीप वर आला बघायला.

२० एप्रिल, शनिवार

लिहूनच टाकतो.

सात वर्षांपूर्वी नूपुरने, आमच्या मुलीने, इंजिनियरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट सोडलं. तिला झाडांचं शिकायचं होतं. आधीही म्हणाली होती, बारावीनंतर. मी हसण्यावारी नेलं. मग एक दिवस हॉस्टेलमधून सामान घेऊन घरी आली आणि म्हणाली, "मी कालिम्पाँगला चालले. नर्सरीत काम मिळालंय." मी आरडाओरडा केला नाही. बोलायचं बंद केलं. चार दिवस ती घरात होती. मी तिच्या समोर बसून जेवलो आणि तिच्याकडे बघितलं नाही.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाल्कनीतल्या तिच्या अकरा कुंड्या उचलल्या आणि फाटकापाशी कचऱ्याच्या ढिगाशेजारी नेऊन ठेवल्या. मी स्वतः. अकरा खेपा. श्यामला म्हणत होती, "अहो, झाडांनी काय केलंय तुमचं?" दुपारी बघितलं तर तिथे काही नव्हतं. कचऱ्याची गाडी घेऊन गेली असं धरून चाललो.

नूपुरची आता स्वतःची नर्सरी आहे. दर रविवारी अकराला श्यामलाला फोन करते. मी त्या वेळी बाजारात जातो. दर दुर्गापूजेला श्यामला एकटी जाऊन येते तिच्याकडे. मला ‘चला’ म्हणायचंही तिने तिसऱ्या वर्षी सोडून दिलं.

२१ एप्रिल, रविवार

हॉस्पिटलात जाऊन अणिमादींना विचारलं. मला बघताच त्यांनी ओळखलं असावं.

"अकराच्या अकरा मीच उचलल्या. फेकलेल्या होत्या ना? चोरी नाही ना झाली?"

"नाही," म्हणालो.

"दहा गेल्या पहिल्या वर्षात. काही केल्या राहिल्या नाहीत. हा मात्र राहिला. दरवर्षी फुलला की फोटो पाठवते तिला."

म्हणजे नूपुरला ठाऊक. घरी येऊन श्यामलाला विचारलं — "तुला माहीत होतं?"

"सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं."

"मग मला कसं..."

"तुम्ही गच्चीवर टाकी बघायला जात होतात."

२४ एप्रिल, बुधवार

४२! पंप वीसच मिनिटं चालला. संध्याकाळचं पाणी बंद करावं लागलं.

पण मला एक युक्ती सुचली. पिण्याच्या पाण्याचे फिल्टर! आरओ एक लिटर पाणी गाळताना तीन लिटर मोरीत सोडतो. नऊ फ्लॅटमध्ये आरओ आहेत. सगळीकडे स्वतः गेलो, नळीखाली डबे लावून दिले. दिलीप सकाळी डबे गोळा करून वर आणतो. आज ऐंशी लिटर निघालं. ऐंशी! त्रेसष्टच्या त्रेसष्ट कुंड्यांना पोटभर.

नियमही मोडला नाही. एक थेंबही कुणाचा घेतला नाही. अणिमादींना फोन करून सांगितलं. "दादा, तुम्ही तर मोठे इंजिनियर!" खूप हसल्या. त्या पडल्यापासून आज पहिल्यांदा नीट झोप लागेल.

२७ एप्रिल, शनिवार

जास्वंदीला नवी पालवी. मोगरा सावरला. मिसेस अय्यरांच्या कढीपत्त्याला कोंब आलेत. त्यांचा नंबर शोधून फोटो पाठवला. लगेच फोन आला त्यांचा, रडत होत्या.

२८ एप्रिल, रविवार

आज बाजारात उशिरा निघालो म्हणून फोन चालू असतानाच घरात होतो. मोजे शोधत होतो. श्यामला फोन कानाला धरूनच बाहेर आली. "नूपुर म्हणतेय, फिल्टरचं पाणी अनंताला घालू नका. त्यात क्षार असतात. बाकीची सोसतील काही दिवस, अनंत नाही सोसणार. त्याला आंबट माती लागते."

"पाणी म्हणजे पाणी," मी म्हणालो.

"अहो, तिचं कामच आहे ते."

"मग शिक्षण पुरं करायचं होतं."

फोन चालू होता. पलीकडे ऐकू गेलं असणार. श्यामलाने फोनवर हात ठेवला, पण उशीरच झाला होता.

असं का बोललो? ठाऊक आहे का ते. माझी युक्ती चालली होती, इतक्या दिवसांत एक गोष्ट माझ्या हातून चांगली झाली होती. आणि त्यात चूक काढली ती तिनेच.

१ मे, बुधवार

अनंताला कळ्या! चौदा मोजल्या. नूपुर म्हणे सोसणार नाही! श्यामलाला हाताला धरून वर नेऊन दाखवल्या. तिने कळ्या बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं, आणि खाली गेली.

४ मे, शनिवार

पानांची टोकं करपल्यासारखी दिसतात. उन्हाने असणार. पाणी वाढवलं. अनंताला आता दोनदा.

७ मे, मंगळवार

पाच कळ्या गळून पडल्या. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. पाणी कमी पडत असेल म्हणून आणखी एक तांब्या.

९ मे, गुरुवार

कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरली आहे. नखाने खरवडली, जिभेला लावली. खारट.

तिथेच उकिडवा बसलो. टोपी काढली.

पंधरा दिवस मी त्याला मीठ पाजत होतो. आणि जसजसा तो वाळत गेला, तसतसं आणखी पाजत गेलो.

१० मे, शुक्रवार

वरची माती खरवडून काढली. घरातलं चांगलं पाणी, दोन बादल्या, हळूहळू ओतून क्षार खाली वाहून जातात का बघितलं. श्यामलाने तिच्या वाट्याची बादली दिली. न मागता.

"नूपुरला फोन लावून देऊ? ती सांगेल काय करायचं ते."

"नको."

"अहो, झाड जगवायचंय का मान?"

कुठल्या तोंडाने विचारू? ‘तू सांगितलं होतंस ते मी ऐकलं नाही, आता पुन्हा सांग’?

१२ मे, रविवार

अकराला फोन. मी बाजारात. काही घ्यायचं नव्हतं. उकाड्यात मासळीबाजाराच्या दाराशी अर्धा तास उभा राहिलो, मासे न खाणारा माणूस!

एकही कळी उरली नाही.

१५ मे, बुधवार

फांदीची साल नखाने थोडी सोलली. आत हिरवं असलं तर जीव आहे, दिलीप म्हणाला होता. वर तपकिरी. मधे तपकिरी. मातीजवळ सोलली. तिथेही.

दिलीप म्हणाला, "सर, आणखी आठ दिवस बघू." माझ्याकडे न बघता म्हणाला.

१७ मे, शुक्रवार

बोअरवाले अखेर आले. पाइप खाली गेला, दुपारी दोनला पाणी लागलं. संध्याकाळी नोटीस काढली. गच्चीवरच्या नळाचं कुलूप मीच उघडलं. नळ सोडला, आधी गंजाचं पाणी आलं, मग स्वच्छ. कावळा येऊन पिऊन गेला.

त्रेसष्टपैकी आठ गेली. सात दुष्काळाने. एक माझ्यामुळे.

आणि खरं म्हणजे पहिल्या दिवशी कुलूप न लावता रोज दोन बादल्या दिल्या असत्या, तर? पाण्यावाचून काय अडलं असतं कुणाचं? दोन बादल्या, सोळा फ्लॅटमध्ये! हा हिशोब मी महिनाभर केलाच नाही. आज केला. घरटी दोन-तीन तांबे.

१९ मे, रविवार

अणिमादी आता भाचीकडे आहेत. सोनारपूरला जाऊन आलो. वॉकर धरून दारापर्यंत आल्या मला घ्यायला. वजन निम्मं झालंय.

बसल्या बसल्या पहिला प्रश्न — "गंधराज फुलला असेल ना? मे संपत आला."

"कळ्या आल्या होत्या," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

"मग फोटो?"

"काढायचा राहिला. विसरलो."

माझ्याकडे बघत राहिल्या. "दादा, चौतीस वर्षं मुलींना शिकवलंय मी. वही घरी विसरलेली आणि गृहपाठच न केलेली, दोघी मला दारातून ओळखू यायच्या."

मग सांगितलं. फिल्टरचं पाणी, नूपुरचा निरोप, मी काय बोललो, सगळं. सांगता सांगता पुढचंही तोंडातून निघालं — "तुम्ही पाणी नेत होतात तेव्हा मी जागा असायचो. तुमची पावलं ऐकू यायची मला."

"माहीत होतं. तुमच्या दाराखालून दिवा दिसायचा."

"म्हणून तर तुमच्या मजल्यावर जरा जास्त थांबायचे," त्या म्हणाल्या. "वाटायचं, आज उघडाल."

भाची चहा घेऊन आली. अणिमादींनी कप माझ्यापुढे सरकवला, आणि भाचीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "झाडं मरतात. माझ्या हातून किती मेली, मोजायला बसले तर संध्याकाळ होईल. पण तिला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार. श्यामलाही नाही सांगणार. तिचा फोन आला होता, तेव्हाच बजावून ठेवलंय."

निघताना विचारलं, परत कधी येणार. म्हणाल्या, येणार नाही. जिने चढायचे नाहीत म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. फ्लॅट विकायला काढणार. पन्नासएक कुंड्या इथे कुठे ठेवू, असंही म्हणाल्या आणि हसल्या. ते हसू बघवत नव्हतं.

२० मे, सोमवार

दिवसभर फोन घेऊन बसलो. नंबर श्यामलाच्या मोबाइलमधून उतरवून घेतला. माझ्याकडे नव्हताच. काय बोलायचं ते कागदावर लिहिलं, नोटिशीसारखं झालं. फाडलं. पुन्हा लिहिलं. सात वर्षं झाली हे लिहू, की झाड मेलं हे आधी? श्यामला दोनदा येऊन बघून गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा पंखा वाढवून गेली.

लावला नाही.

२१ मे, मंगळवार

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी लावला. दोनच रिंग झाल्या. "नमस्ते, नर्सरी. बोलिए." आवाज भरदार झालाय. कसंबसं हिंदीतच म्हणालो, गंधराज हवा आहे, आधीचा माझ्या हातून मेला. पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला. मग ती सांगू लागली, दुकानात आलेल्या कुणालाही सांगावं तसं — माती कशी करायची, पानं कुजवून कशी घालायची, पाणी कुठलं चालतं, कुठलं नाही, पहिल्या उन्हाळ्यात त्याला कुठे ठेवायचं. दहा मिनिटं बोलली. मी मधे एकदाही बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. तिने ओळखलं नाही तेच बरं झालं असं वाटत होतं, आणि तेच सहनही होत नव्हतं. शेवटी ती थांबली, आणि मराठीत म्हणाली —

"सगळं लिहून घेतलं ना, बाबा?"